भोंगा मांडीवर घेऊन

सातारा-सांगलीकडे माणसं कास बघायला जातात, औदुंबरला दर्शनाला जातात आणि येताना पेढे आणि भडंग आणतात. मी गेलो होतो माझा बँड परत आणायला. पेढे आणि भडंग आणले. बँडचं काय झालं, ते सांगतो.

बँडचं नाव 'उकळी'. आम्ही तिघं. गायला आणि गिटारला विजय, ड्रमवर तानाजी, आणि बेस गिटारवर मी, शिरीष. पुण्यात कॉलेजात असताना सुरू केला आणि पुढं काही वर्षं तो बऱ्यापैकी गाजलाही. मराठीतलं रॉक म्हणजे नेमकं काय, हे लोकांना कळायच्या आत आम्ही बंद पडलो. विजय साताऱ्याचा, तानाजी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातला. दोघं आपापल्या मुलखात गेले आणि पोटापाण्याला लागले. मी पुण्याचाच, मी कुठं जाणार? मीही लागलो. लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन माझ्याकडे येतो. मी म्हणतो, घाबरू नका, माणूस निघालाय. मग तो माणूस पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायचं. दिवसातलं माझं बहुतेक बोलणं असं अडकलेल्या लोकांशीच होतं. घरी कुणी नाही. लग्न केलं होतं, टिकलं नाही. चूक कुणाची होती हे आता दोघांनाही नीटसं आठवत नसावं.

अशात परेशचा फोन आला. परेश आमचा जुना दोस्त, आता त्याचं पुण्यात एक लहानसं सभागृह आहे. जुन्या बँडना एका रविवारी एकत्र बोलवायचं त्याच्या डोक्यात होतं. "तिघं येणार असाल तरच," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी मी तुला फोन करतो. तेव्हा हो किंवा नाही सांग. मग पोस्टर छापायला जातंय."

मी ताबडतोब रजा टाकली आणि बेस बाहेर काढला. तारा गंजल्या होत्या, त्या बदलून आणल्या. माझं काही अडलेलं नाही, गंमत म्हणून करतोय, असं ऑफिसात सांगत होतो. खरं म्हणजे अडलं होतं. गाणं वळण घेतं तिथं ड्रमवाला बेसवाल्याकडे बघतो आणि बेसवाला ड्रमवाल्याकडे. तेवढं एक बघणं मला आयुष्यात परत हवं होतं.

खंडाळा

हा चिक्कीवाला खंडाळा नव्हे. हा सातारा जिल्ह्यातला, पुणं ओलांडून घाट उतरलं की लागणारा. विजयनं तिथंच भेटायला बोलावलं होतं, कारण त्या दिवशी त्याचं 'मैदान' होतं. विजय आता बैलगाडा शर्यतींचा समालोचक आहे.

हे मला ऐकून माहीत होतं. पण माळावर उतरून ती गर्दी, ते टेम्पो, गुलालानं माखलेले बैल आणि मांडवात माइकसमोर फेटा बांधून उभा असलेला विजय बघितला आणि मी जागच्या जागी थांबलो. ज्या आवाजानं तो कधीकाळी पुण्यातल्या हॉलच्या काचा थरथरवायचा, त्याच आवाजात चाललं होतं, "आली, आली, आली, बघा मंडळी, कडेच्या चाकोरीतनं बादल आन् सोन्याची जोडी धुरळा उडवत आली, आरं छकडा भुईला टेकंना, धरा, धरा, बैल सुटलं न्हाई पायजे." एका दमात. मधे श्वास कुठं घेतो हे मला तेव्हाही कळायचं नाही, आताही कळलं नाही. आमच्या कार्यक्रमांना कधी जमली नव्हती एवढी माणसं त्याच्या तालावर ओरडत होती.

त्यानं मला बघितलं आणि माझे हाल सुरू झाले. इकडं पाहुण्याला तसंच सोडत नाहीत. "पुण्याहून खास शर्यत बघायला आलेलं जगप्रसिद्ध गिटारवादक शिरीषराव हे व्यासपीठावर येतील," अशी घोषणा झाली. मला वर ओढलं. टॉवेल, टोपी, नारळ. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला, तो चष्म्यात गेला. मी विजयच्या कानात म्हणालो, "गिटार नाही रे, बेस." तो माइकवर हात ठेवून म्हणाला, "आरं गड्या, बेस म्हंजी काय हे सांगत बसलो तर बैल निघून जातील." बेसवाल्याचं आयुष्य असंच जातं. सगळ्यांना गिटार ऐकू येते.

पुण्यात कुणी माझा सत्कार केला असता तर मी चार दिवस खुशीत राहिलो असतो. तिथं मात्र टोपी घालून, मांडीवर नारळ घेऊन खुर्चीत बसलो होतो आणि त्या हजारो माणसांत मला ओळखणारा एकच माणूस होता, तोही कामात होता.

सातारा

रात्रीचं जेवण विजयच्या घरी. वाटेत गाडीत तो चकार शब्द बोलला नाही, मला वाटलं थकला असेल. घरी पोचल्यावर त्याची बायको मनीषा म्हणाली, "भाऊजी, आता उद्या सकाळपर्यंत न्हाईत बोलायचं हे. घरात सगळं खुणंवर चालतं."

मी हसलो. ती हसली नाही. तिनं विजयपुढं गरम पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला ताट वाढलं. मटणाचा रस्सा असा होता की नाका-डोळ्यांतून पाणी. विजयच्या ताटात मात्र वरणभात होता. "घशात गाठी हायत ह्यांच्या," मनीषा म्हणाली. "डॉक्टर म्हनलं, वरडायचं बंद करा. ह्यांनी वरडायचं ठिवलं आन् बोलायचं बंद केलं." विजयनं हातानं 'काही नाही रे' अशी खूण केली.

मला वाटलं होतं, आम्ही रात्रभर बोलत बसू. किती गाणी आठवायची होती. त्याऐवजी मी एकटाच बोललो आणि तो मान हलवत राहिला, आणि मग मलाच आपलं बोलणं नकोसं झालं. लिफ्टमधल्या लोकांशी बोलताना निदान पलीकडून उत्तर येतं.

दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपला म्हणून मी अजिंक्यताऱ्यावर चढून गेलो. वर वारा भणाणत होता, खाली सातारा पसरलेला आणि डोंगरांच्या रांगा एकामागं एक निळ्या होत गेलेल्या. वर एक निवृत्त फौजी भेटले, रोज चढतात म्हणे. इकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी पहिल्यांदा माझी चौकशी पुरी केली. कुठलं गाव, कुणाकडं उतरलाय, कशापायी आलाय. आणि शेवटी, "एकलंच?" पुण्यात असलं कुणी विचारत नाही. विचारलं तर आम्हाला राग येतो. इथं मात्र कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो, "हो, एकटाच." दोन दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की ते मलाच ऐकू यायला लागलं.

खाली आलो तर विजय उठला होता आणि बोलत होता. मी रविवारचं सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

"तान्या काय म्हनतो?"

"त्याच्याकडे उद्या चाललोय. फोन करू का आधी?"

"फोनवर नगं, जाऊनच भेट. मी कळीवतो त्याला तू येतोयस म्हनून." मग म्हणाला, "तान्या आला तर मी आलोच बघ. तू एवढ्या लांबनं आलायस, न्हाई कसं म्हनू?"

मला इतका आनंद झाला की त्या शेवटच्या वाक्याचा मी विचारच केला नाही. मनीषानं पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि म्हणाली, "संभाळून जावा."

माधवनगर

तानाजी मला गावात नाही, सांगलीजवळच्या माधवनगरात भेटला. मोटर रिवायंडिंगच्या एका दुकानापुढं, पायाशी एक पोतं ठेवून बसला होता. केस सगळे पांढरे. मिठी मारली तेव्हा त्यानं एकाच हातानं पाठीवर थापटलं. मला वाटलं, दुसऱ्या हातात पोतं असेल.

पोत्यात भोंगा होता. बँड सुटल्यावर तानाजी ह्याच माधवनगरात यंत्रमागावर होता, मग तो कारखाना बंद पडला आणि तो गावी गेला. आता ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतो आणि त्या कामाबरोबर भोंगाही त्याच्याकडे आला. त्यांच्या गावात रोज दिवेलागणीला भोंगा वाजतो. तो वाजला की सगळ्या गावानं टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे. पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. मग दुसरा भोंगा होईपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. शेजारच्या गावात आधी सुरू झालं, ते बघून ह्यांनीही ग्रामसभेत ठरवलं.

मला हसू आवरेना. "म्हणजे तू गावाला गप्प करतोस?" मी म्हणालो. 'उकळी'च्या कार्यक्रमांना सोसायटीवाले पोलिसांना बोलवायचे, ते ह्याच्याच ड्रममुळे.

"व्हय की," तो म्हणाला. "वायंडिंग जळालं हुतं ह्याचं. दोन दिस झालं, ताट बडवत गल्लीतनं फिरतोय." आणि डाव्या हातानं हवेत ताट बडवून दाखवलं.

भोंगा दिवस मावळायच्या आत चढवायचा होता. मोटारसायकलवर मी मागं बसलो, ते पोतं मांडीवर. बेसपेक्षा कितीतरी जड. सांगली मागं पडली तसा ऊस विरळ होत गेला, मग द्राक्षांचे मांडव, मग नुसता माळ आणि मधेच मेंढ्यांचा कळप. एका कळपापायी आम्ही थांबलो. मेंढरं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि मी पोतं कवटाळून मधोमध. मेंढपाळ म्हातारा तानाजीला म्हणाला, "आज वाजनार का रं?" तानाजी म्हणाला, "वाजनार." मग म्हाताऱ्यानं माझ्या मांडीवरच्या पोत्याकडं पाहून मान डोलावली. माझ्याकडं नाही पाहिलं.

रविवारचा विषय मी वाटेत दोनदा काढला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू."

तानाजीचं गाव

भोंगा देवळाच्या मागच्या खांबावर बसवायचा असतो. चढायला तानाजीनं वायरमनला बोलावलं, आपण खाली उभा राहून सांगत होता. ऊन उतरलं होतं. शुक्रवार होता आणि परेशचा फोन कधीही आला असता. मी शेवटी विचारलंच.

"तानाजी, येतोस ना? विजय म्हणतो, तू आलास तर तो येणार."

तो बटणापाशी उभा होता. घड्याळात बघत म्हणाला, "येतो की. त्यात काय इचारायचं." आणि डाव्या हातानं बटण दाबलं.

असला आवाज मी जवळून कधी ऐकला नव्हता. पोटात घुमत होता. मी आनंदानं तानाजीचा हात धरला, पण तो खांबाकडं बघत होता. भोंगा थांबला आणि सगळं गाव शांत झालं. एका घरातला मालिकेचा आवाज मधेच तुटला. कुठंतरी शेळी ओरडत होती. मी परेशला फोन करायला मोबाईल काढला, तर तानाजी म्हणाला, "आता न्हाई. भोंगा झाला."

"दोनच मिनिटं."

"शिऱ्या, मीच वाजीवतो आन् माझ्याच पावन्यानं फोन लावायचा?"

घरी त्याची बायको सुनंदा दारात टोपली घेऊन उभी. टोपलीत घरातले मोबाईल. मी माझाही बंद करून ठेवला. फोन गेला तर रविवार गेला, हे मला कळत होतं, पण तिच्यापुढं नाही म्हणवेना. त्यांची मुलगी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. आम्ही बाहेर अंगणात घोंगडीवर. तानाजीची आई शेंगा फोडत होती. तिनं ह्या वेळेचा एक खेळच लावून दिलेला. दिवसभरात काय झालं ते प्रत्येकानं सांगायचं, आणि खोटं सांगायचं नाही.

सुनंदानं गावातल्या बायकांच्या बचत गटात झालेलं भांडण सांगितलं, तेही दोन्ही बाजूंचे आवाज काढून. सगळे हसले. मग आई म्हणाली, "मी सांगू? दोन दिस झालं, मागल्या सोप्यात टाकटुक, टाकटुक चाललंय. ह्याला इचारलं तर म्हनतो, उंदीर हाय. आज सकाळी जाऊन बघितलं. पत्र्याचा डबा मांडलाय आन् ह्यो दोन काटक्या घिऊन बसलाय. डावा चालतोय. उजवा वर जाईना. मग त्यो उजवा हात डाव्या हातानं उचलून डब्यावर ठिवला. आन् बसला तसाच."

सुनंदा खाली बघून टरफलं गोळा करायला लागली.

"आई, गप," तानाजी म्हणाला.

"खोटं न्हाई बोलायचं म्हनलंय."

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मागात आवळला हुता हात. लय वर्सं झाली. गाडीची मूठ धरवती, पर खांद्यापातूर जात न्हाई. पर एका दिवसाचं हाय, जमंल. विजा म्हनला, शिऱ्या लय आशेनं आलाय."

मला विजयचं ते वाक्य आठवलं, वरणभाताचं ताट आठवलं आणि दारात उभी मनीषा. दोघांनी मला हो म्हटलं होतं. बँडला कुणीच म्हटलं नव्हतं. इतकं एकटं मला घरात बसूनही कधी वाटलं नव्हतं.

"आता तुजं," आई मला म्हणाली.

मी म्हणालो, आज भोंगा मांडीवर घेऊन आलो. सगळे हसले. ती म्हणाली, "ते न्हाई. तुजं सांग. रोज काय करतोस?" मग मी लिफ्टचं सांगितलं. एक आजोबा अडकले होते, मी त्यांच्याशी बोलत होतो. माणूस पोचला, लिफ्ट सुरू झाली, दार उघडलं, तरी आजोबा बाहेर येईनात. मला म्हणाले, बाहेर आलो की तुम्ही फोन ठेवाल ना. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"मग?" सुनंदा म्हणाली.

"मग मी थोडा वेळ बोललो अजून."

"आन् तुज्या घरी हे कोन ऐकतं?" आईनं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं.

दुसरा भोंगा वाजवायला तानाजी गेला. तो झाला आणि घराघरातून टीव्ही एकदम सुरू झाले. मी टोपलीतून फोन घेतला. परेशचे कॉल येऊन गेले होते. अंगणापलीकडं गोठ्यापाशी जाऊन मी फोन लावला.

"कुठं होतास? थांबलोय तुझ्यासाठी. हो ना?"

'हो' म्हणायला मला काहीच लागलं नसतं. दोघंही आले असते. एकानं उरलेला आवाज घालवला असता, दुसऱ्यानं लोकांसमोर डाव्या हातानं उजवा उचलून ड्रमवर ठेवला असता, आणि मी त्याच्याकडं बघितलं असतं.

"नाही जमत," मी म्हणालो.

तानाजी परत आला तेव्हा मी सांगितलं, "परेशचा फोन होता. कार्यक्रमच रद्द झाला. हॉलचं काहीतरी झालंय."

"आरारा," तो म्हणाला. "लय वाईट झालं." पण त्याचे खांदे खाली आले. कित्येक दिवसांचं ओझं उतरावं तसे आले. त्यानं जेवताना तीन भाकऱ्या खाल्ल्या. सुनंदानं माझ्या हुलग्याच्या माडग्यावर न विचारता तूप ओतलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

सकाळी विजयला फोन केला. "रद्द?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बरं झा... आरं, लय वाईट झालं गड्या."

पुणे

तो रविवार आला. कार्यक्रम झाला. परेशनं पास पाठवला होता, मी गेलो नाही. घरीच होतो.

संध्याकाळी अंधार पडल्यावर फोन वाजला. तानाजी.

"झाला म्हनं कार्यक्रम."

मी उठून खिडकीपाशी गेलो.

"विजानं व्हिडिओ धाडला. कुठली पोरं हायत कुनास ठावं. ड्रमवालं बरं वाजीवतंय."

"तानाजी, मी सांगणार होतो—"

"सुनंदाला तवाच कळलं हुतं. बोलली आज मला. बरं केलंस रं. पर तू तरी वाजवायचास की. तुजे हात चांगलं हायत."

"एकट्यानं?"

पलीकडून त्याची आई काहीतरी म्हणत होती. मग तो म्हणाला, "आई इचारतीया, आज तुजं काय झालं."

मी खिडकीपाशी उभा होतो. सांगण्यासारखं दिवसभरात काही झालं नव्हतं. चहा केला होता, दोनदा. फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवला होता.

म्हटलं, "सांग त्यांना, आज काही झालं नाही. तुमच्यापैकी कुणाचा तरी फोन येईल म्हणून सकाळपासून घरात बसून होतो."